पंधराशे रुपयांचा महिना : अपुऱ्या मिळकतीतील कुटुंबाचे आरोग्य

आरोग्यविषयक नियतकालिकांतून आहाराचा जो सल्ला दिला जातो, तो बहुधा शास्त्राला धरूनच असतो. रोज दूध घ्यावे, डाळी-कडधान्ये पुरेशी असावीत, भाज्या आणि फळे मुबलक असावीत, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र हा सल्ला वाचणाऱ्या घराच्या मिळकतीचा विचार त्यात क्वचितच केलेला असतो. मोताळा किंवा लोणार तालुक्यातील एखाद्या भूमिहीन घरी हाच सल्ला पोहोचला, तर तेथील गृहिणीने त्याचे काय करावे? बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 25 लाख 86 हजारांवर होती. त्यांतील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात आणि कोरडवाहू शेती व शेतमजुरी यांवर जगतात. सोयाबीनची सोंगणी झाली, कपाशीची वेचणी आटोपली, की माघापासून मृगापर्यंत गावात हाताला काम उरत नाही. अशा घरांचे आरोग्य मिळकत आणि सरकारी लाभ या दोन गोष्टींवर अवलंबून असते, आणि दोन्ही तुटपुंज्या असतात. त्यांचा हिशेब समोर ठेवूनच या लेखात विचार करू.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल पाच माणसांचे एक घर घेऊ. विधवा आई, सत्तरीतल्या सासूबाई आणि तीन शाळकरी मुले. घराला प्राधान्य गटाची शिधापत्रिका आहे. अन्नसुरक्षा कायदा 2013 नुसार माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. सुनेला संजय गांधी निराधार अनुदान आणि सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन, प्रत्येकी 1,500 रुपये मिळतात. जुलै 2023 पूर्वी ही रक्कम 1,000 रुपये होती. म्हणजे घरात दरमहा 25 किलो धान्य आणि 3,000 रुपये येतात. पुष्कळ घरांना एवढेही मिळत नाही.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना पाहू. दोन हजार उष्मांकांच्या रोजच्या आहारात सुमारे 250 ग्रॅम तृणधान्ये, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहारी घरात अंडी-मांस धरून), 400 ग्रॅम भाज्या, 300 मिलिलिटर दूध आणि 27 ग्रॅम तेल-तूप असावे, असे त्या सांगतात. पाच माणसांसाठी तीस दिवसांचा गुणाकार केला, तर साडेसदतीस किलो धान्य, पावणेतेरा किलो डाळ, 45 लिटर दूध आणि चार किलो तेल लागते. तुरीच्या डाळीचा दर किलोला 120 रुपये धरला, तर एकट्या डाळीचे 1,530 रुपये होतात. एका माणसाचे संपूर्ण निवृत्तिवेतन तेथेच संपते. दूध 50 रुपये लिटर आणि तेल 140 रुपये किलो धरल्यास त्यांचे आणखी 2,800 रुपये. म्हणजे केवळ डाळ, दूध आणि तेल यांना 4,300 रुपयांहून अधिक लागतात आणि हाती असतात 3,000. भाजी, सरपण, वीज, वह्या-पुस्तके, दवाखान्याचे भाडे हे सारे अद्याप बाकीच आहे. मुलांची मापे थोडी कमी धरली, तरी उत्तर फारसे बदलत नाही.

धान्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 250 ग्रॅम धान्य पुरेल, असे पोषणशास्त्र म्हणते ते दूध, डाळ, भाजी ताटात आहेत असे गृहीत धरून. ज्या ताटात त्या नाहीत, तेथे पोट भरते ते भाकरी-भाताने. त्यात दिवसभर निंदण-खुरपण करणाऱ्या बाईची गरज बैठे काम करणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला 166 ग्रॅम. तेव्हा ज्या घरात इतर अन्न सर्वांत कमी, त्याच घराला शिधा सर्वांत लवकर अपुरा पडतो.

याचा परिणाम शरीरावर दिसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 54 टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील जवळजवळ 69 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या बालकांचे प्रमाण 35 टक्के होते.

शेगावच्या गावांनी दिलेला इशारा

डिसेंबर 2024 ची अखेर आणि जानेवारी 2025 या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस अचानक झडू लागले. काही दिवसांतच टक्कल पडू लागले. लहान मुले, तरुण मुली, वृद्ध, कोणीही त्यातून सुटले नाही. प्रथम संशय गेला तो पाण्यावर, कारण हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेतले गेले. विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वपरिचित असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे अभ्यास केला. शिधावाटपातून आलेल्या बाहेरच्या राज्यातील गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या अनेक पटींनी जास्त असल्याचा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये मांडला. रुग्णांच्या शरीरात जस्ताचे प्रमाण घटल्याचेही त्यांनी नोंदवले.

सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. प्रमाण वाढले की केस आणि नखे यांवर त्याचा परिणाम होतो. परंतु येथे ध्यानात घ्यायची गोष्ट निराळी आहे. ज्याच्या घरी चार प्रकारचे धान्य येते, त्याच्या ताटात एका धान्याचा दोष विरळ होतो. ज्याच्या घरी एकाच दुकानातून एकच धान्य येते आणि वर्षभर तेच खाल्ले जाते, त्याला निवडीची मुभाच नसते. मोफत धान्य हा मोठा आधार आहे, तो सोडून देण्याचे काहीच कारण नाही. पण एकाच धान्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे.

एके काळी ही विसंबून राहण्याची वेळ येत नव्हती, कारण शेतात ज्वारी होती. सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र आकसत गेले. सोयाबीनने रोख पैसा दिला हे खरेच. परंतु भाकरी, कडबा आणि ज्वारीबरोबर शेतात येणारी तूर, मूग, अंबाडी हे सारे त्याबरोबर कमी झाले. आज ज्याच्याकडे एक-दोन एकर आहे, त्याने चार तास ज्वारीचे, धुऱ्यावर तूर आणि अंबाडी, आणि घरापुरता मूग-उडीद राखून ठेवला, तर त्याची किंमत बाजारभावाने मोजू नये. ती ताटातल्या विविधतेने मोजावी.

थोड्या पैशांत अधिक पोषण

*सोयाबीन घरात ठेवा.* हा जिल्हा सोयाबीनचा. तरीही पोते थेट बाजार समितीत जाते आणि घरात महागडी डाळ येते. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे किलोला सुमारे 53 रुपये आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ते 40 ग्रॅम प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत सुमारे 22. म्हणजे एका रुपयात डाळीच्या तिपटीहून अधिक प्रथिने मिळतात. मात्र सोयाबीन कच्चे वापरू नये. त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि उष्णतेने ते नाहीसे होतात. दाणे धुऊन पंधरा-वीस मिनिटे उकळावेत, पाणी टाकून द्यावे, कडक वाळवावेत आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणावेत. पोळीची चव फारशी बदलत नाही.

*रानभाज्या टाकून देऊ नका.* तरोटा, चिवळ, कुरडू, राजगिरा, शेवग्याचा पाला, अंबाडी या भाज्या पावसाळ्यात धुऱ्यावर आणि परसात विनामूल्य मिळतात. लोह, चुना आणि अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप त्यांतून मिळते. मात्र ओळखीचीच भाजी खुडावी आणि तणनाशक फवारलेल्या शेतातील भाजी मुळीच घेऊ नये.

*लोह अंगी लागू द्या.* भाजी-भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळा किंवा कच्चा कांदा-टमाटा असला, तर लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा ते घटवतो. चहा तासाभराने घ्यावा. या बदलाला एक पैसाही लागत नाही. गर्भवती, स्तनदा माता आणि किशोरवयीन मुली यांना लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत मोफत मिळतात. त्या मध्येच सोडू नयेत.

*मिठावर लक्ष ठेवा.* भाजी नसली की ठेचा, लोणचे, पापड यांवर जेवण होते आणि मीठ दिवसाच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते. खारपाणपट्ट्यात पाण्यातूनही क्षार पोटात जातात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील कुटुंबांनी पिण्यासाठी तरी शुद्ध केलेले किंवा गोड्या पाण्याच्या योजनेचे पाणी वापरावे.

*बाईचे ताट शेवटी राहू नये.* घरात अन्न कमी असेल, तर ज्यांची उपासमार दिसत नाही, त्या बहुधा स्त्रियाच असतात. सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची रीत रक्तक्षयाला आमंत्रण देते. भाजी-डाळीचे माप सर्वांचे एकाच वेळी काढून ठेवणे हा सोपा उपाय आहे. शाळेतील माध्यान्ह भोजन आठवीपर्यंत मिळते आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीत ताजा आहार मिळतो. मुलाची गैरहजेरी म्हणजे एक जेवण बुडणे, हेही ध्यानात ठेवावे.

आजारपण आणि कर्ज

अल्प मिळकतीचे घर कोसळते ते बहुतेक वेळा दवाखान्याच्या खर्चाने. म्हणून येथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिले पाऊल प्राथमिक आरोग्य केंद्राचे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून गोळी थांबवणे ही मोठी चूक ठरते. रक्तदाबाला वेदना नसते. त्याचे पहिले लक्षण कधी कधी पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होणे हेच असते. फुकट मिळणारी गोळी चुकवल्याची किंमत पुढे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी बुडणाऱ्या मजुरीने चुकवावी लागते.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची सुरुवात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने झाली. जुलै 2024 पासून कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून कोणत्याही रंगाची शिधापत्रिका चालते. उपचार यादीतला आणि रुग्णालय संलग्न असणे आवश्यक आहे. म्हणून दाखल होण्यापूर्वी, आणि तातडीच्या वेळी दाखल होताच, आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका व आधार जवळ ठेवावे. चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे यांना ही योजना लागू नाही, ही तिची मर्यादा आहे. त्यासाठी जनऔषधी केंद्रातील औषधे बाजारभावाच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडतात.

याशिवाय, धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार आणि दुर्बलासाठी 3 लाख 60 हजार रुपये आहे. मोठ्या शहरात उपचारासाठी जाण्याची वेळ आली, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर असावा.

घरच्या कर्त्या माणसासाठी दोन विमे परवडण्याजोगे आहेत. वर्षाला 20 रुपयांत अपघाताचा आणि, वय अठरा ते पन्नास असल्यास, 436 रुपयांत जीवनविमा बँक खात्यातून काढता येतो. दोन्हींत 2 लाख रुपयांचे संरक्षण असते. खात्यात तेवढी शिल्लक राहील, इतकी काळजी घ्यावी.

लाभ असतात, पण दार अरुंद असते

लाभांच्या अटी परस्परांशी जुळत नाहीत, हे अनेक घरांच्या अनुभवाचे आहे. संजय गांधी योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत असावे लागते. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. आता रोजगार हमीचा विचार करा. देशाला ही कल्पना महाराष्ट्राने दिली. 1965 मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे ती प्रथम राबवली आणि 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. 2025-26 साठी महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला 312 रुपये होता. एखाद्या बाईला पूर्ण शंभर दिवस काम मिळाले, तर तिचे उत्पन्न 31,200 रुपये होते आणि ती निराधार अनुदानाच्या मर्यादेबाहेर जाते. दुसरीकडे, 2024 च्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील स्त्रीलाही तेच 1,500 रुपये मिळतात, आणि निराधार अनुदान घेणाऱ्या विधवेला ते मिळत नाहीत. सर्वांत गरजू बाईला शेजारणीपेक्षा अधिक काहीच नाही, असा याचा अर्थ होतो.

अशा परिस्थितीत ज्या लाभांवर हक्क आहे, ते निसटू न देणे एवढेच कुटुंबाच्या हाती असते. काही गोष्टी वर्षारंभीच पाहाव्यात. शिधापत्रिकेवर प्रत्येकाचे नाव आणि आधार पडताळणी आहे काय? बँक खाते आधारशी जोडलेले आहे काय? निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला वेळेवर दिला काय? मजुरीसाठी परगावी जाणाऱ्यांना तेथील दुकानातूनही त्याच शिधापत्रिकेवर धान्य उचलता येते. केशरी शिधापत्रिकेवरील शेतकऱ्यांसाठी बुलढाण्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 2023 पासून धान्याऐवजी रोख रक्कम खात्यात जमा होते. ती आरंभी माणशी 150 रुपये होती, पुढे 170 करण्यात आली.

दोन लाभ विशेष करून नजरेआड राहतात. दारिद्र्यरेषेखालील घरातील कर्ता माणूस साठीच्या आत दगावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. आई-वडिलांपैकी एकाचे छत्र हरपलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. वरच्या उदाहरणातील घरात ही रक्कम सुरू झाली, तर दूध आणि डाळ दोन्ही ताटात येऊ शकतात. अर्ज कोठेही द्यावा, पोच अवश्य घ्यावी. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार दाखल्यांना मुदत ठरलेली आहे. मुदत टळली की त्या पोचीच्या आधारेच अपील करता येते.

मनावरचा भार

पैशांची ओढाताण मनाला थकवते. झोप न लागणे, चिडचिड, लेकरांवर हात उगारणे, दारूकडे वळणे, एकटे एकटे राहणे ही त्याची दृश्य रूपे आहेत. आपल्या जिल्ह्याने कर्जापायी गेलेली माणसे पाहिली आहेत. म्हणून कर्जाची बाब घरात लपवू नये. कोणाचे किती देणे आहे, याची नोंद पती-पत्नी दोघांना माहीत असावी. परवाना नसलेला सावकार जमीन बळकावू पाहत असेल, तर 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. घरातील कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर ते मनावर घ्यावे, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून मोफत समुपदेशन मिळते.

वर दिलेला हिशेब पुन्हा पाहिला, तर ध्यानात येईल की गृहिणी कितीही कसबी असली, तरी 3,000 रुपयांत 4,300 रुपयांचे ताट भरता येत नाही. सोयाबीन, रानभाजी, मोफत गोळी यांनी ही तफावत घटते, संपत नाही. उरलेली तफावत ही त्या घराची चूक नव्हे, आणि तशी ती कोणी मानूही नये. गावातील कोणती विधवा यादीबाहेर राहिली, कोणत्या वृद्धाचे अनुदान थांबले, शिध्याच्या धान्याचा दर्जा कसा आहे, हे प्रश्न ग्रामसभेत मांडता येतात. येत्या ग्रामसभेला जाताना आपल्या गल्लीतील अशा एका घराची कागदपत्रे बरोबर न्यावीत. वाचता-लिहिता येणाऱ्या शेजाऱ्याने एवढे केले, तरी त्या घरात महिन्याकाठी चार किलो डाळ अधिक येऊ शकते.